'टेक' या क्रियापदाची हजार वर्षे

गेल्या सत्रात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे वही घेऊन आली. स्पर्धा परीक्षेसाठी तिने इंग्रजी क्रियापदांची यादी उतरवून घेतली होती. एका पानावर 'टेक' हे क्रियापद आणि त्याखाली टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक इन, टेक अप, टेक आफ्टर, टेक टू अशी रांग होती. प्रत्येकापुढे दोन-तीन मराठी अर्थ. "सर, चार वेळा पाठ केलं, चारही वेळा विसरले. मला इंग्रजी येणारच नाही," असे ती म्हणाली. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; इंग्रजी व्याकरण शिकवणे हा आमचा अधिकार नव्हे. परंतु त्या वाक्यातला पराभव आम्हांला अस्वस्थ करून गेला, कारण दोष तिच्या बुद्धीत नव्हता. ज्याला इतिहास आहे अशी गोष्ट तिला इतिहास वगळून, केवळ यादी म्हणून देण्यात आली होती.

गंमत अशी की, 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. प्राचीन इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमन' हे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड 'नेमन' आजही घरोघरी नांदते आहे. ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर उत्तरेकडील दर्यावर्दी चाचे तुटून पडले. ८६५ मध्ये मोठे डेन सैन्य इंग्लंडात उतरले. ८७८ मध्ये आल्फ्रेड राजाने एडिंग्टन येथे गुथ्रम या डेन सरदाराचा पराभव केला, तरी पूर्व आणि उत्तर इंग्लंडचा मोठा भाग डेन लोकांच्याच ताब्यात राहिला. हे लोक केवळ लुटून परतले नाहीत. त्यांनी जमिनी कसल्या, घरे बांधली, स्थानिक घराण्यांशी सोयरिकी केल्या. १०१६ ते १०३५ या काळात तर क्नूट हा डेन राजाच इंग्लंडच्या गादीवर होता.

दोन्ही समाजांच्या भाषा एकमेकींच्या चुलत बहिणी होत्या. बाजारात, बांधावर आणि स्वयंपाकघरात त्या मिसळल्या. दरबारी उसनवारीत बहुधा पदव्या आणि वस्तूंची नावे येतात. येथे मात्र 'ते' या अर्थाचे 'दे' हे सर्वनामसुद्धा नॉर्स भाषेतून आले. त्याच वाटेने 'टाका' हे क्रियापदही आले. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते इंग्रजी लिखाणात दिसू लागते आणि पुढच्या काही शतकांत 'निमन'ला हुसकावून लावते. 'निमन'चे जे उरले ते मोठे करुण आहे: 'निम' म्हणजे चोरणे. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' नाटकातील निम हे पात्र चोर आहे आणि शेवटी फासावर जाते, ते उगीच नव्हे. बधिर या अर्थाचा 'नम' आणि चपळ या अर्थाचा 'निंबल' हे शब्दही त्याच कुळातले.

आता 'टेक'पुढे लागणाऱ्या शेपटांविषयी. प्राचीन इंग्रजीत क्रियापदाला उपसर्ग लागत, जसे आपल्याकडे संस्कृतात 'हृ' धातूपासून आहार, विहार, संहार आणि प्रहार होतात. नॉर्स भाषेत हे उपसर्ग बहुतांशी झडून गेले होते. दिशादर्शक शब्द क्रियापदाच्या मागून येत. इंग्रजीतही ही प्रवृत्ती मुळात होतीच. नॉर्सच्या सहवासाने ती बळावली, असे अनेक अभ्यासक मानतात. डेन वसाहतींच्या प्रदेशातील पीटरबरो येथील मठाच्या बखरीत, बाराव्या शतकातच, 'गिव्ह अप' ही रचना आढळते.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राज्य फ्रेंचांचे आणि विद्या लॅटिनची झाली. विझवणे या अर्थी पुस्तकात 'एक्स्टिंग्विश' आले, चुलीपाशी 'पुट आउट' राहिले. शोधून काढण्यासाठी पंडितांनी 'डिस्कव्हर' घेतले, इतरांनी 'फाइंड आउट' ठेवले. अशा रीतीने घेणे, देणे, ठेवणे, जाणे या मूठभर क्रियापदांवर लोकव्यवहाराचे सारे ओझे पडले, आणि ती वाकली नाहीत, पसरली.

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा एकट्या 'टेक'ची नोंद पाच पानांची झाली. अर्थ भरले १३४. प्रस्तावनेत तो मान्य करतो की, क्रियापदामागे एखादा लहान शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. त्याच्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे आणि अर्थ दिला आहे 'नक्कल करणे'. विमानाचे उड्डाण तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. एकोणिसाव्या शतकात हा शब्द उडी घेण्यासाठी रूढ झाला आणि विसाव्यात विमानाने तो उचलला. या रचनांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून छापात आले आणि त्याचे श्रेय त्याने कोशकार हेन्री ब्रॅडलीला दिले. म्हणजे लोक शेकडो वर्षे जे सहज बोलत होते, त्याला पाठ्यपुस्तकी नाव मिळून अवघे एक शतक झाले आहे.

आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती या शब्दाची जन्मकथा. 'टेक'च्या मुळाशी 'स्पर्श करणे' हा अर्थ असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. गॉथिक भाषेतील त्याच्या सगोत्र शब्दाचा अर्थ स्पर्शच आहे. स्पर्शातून पकडणे आले, पकडण्यातून घेणे आणि घेण्यातून जग. आता आपले 'लागणे' पाहा. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे, भिडणे. प्राकृतातून ते आपल्याकडे आले. ठेच लागते, भूक लागते, झोप लागते, आग लागते, निकाल लागतो, शोध लागतो, नोकरी लागते. फलाटावर गाडी लागते आणि घाटात माणसाला गाडी लागते. तो आपला मामा लागतो, मूल रडू लागते, जावे लागते. उत्तर युरोपातील शेतकऱ्याने आणि आपल्या पूर्वजांनी, एकमेकांना न विचारता, स्पर्शाच्या एका अनुभवातून एवढा विस्तार केला. 'मी बघून घेईन' यातील 'घेणे' परकीयाला कोणता कोश समजावून देईल? तो बिचारा समजेल की आपण मदत करतो आहोत!

दोन्ही भाषांच्या रचना एकच आहेत, असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आपल्या भाषेत ज्याला आपण सहजता म्हणतो, त्यालाच परक्या भाषेत अडाणी गोंधळ समजतो आणि मुलांना तो घोकायला लावतो. तो गोंधळ म्हणजे शेजाराने राहिलेल्या सामान्य माणसांचा हजार वर्षांचा व्यवहार आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही इंग्रजीची यादी बाजूला ठेवून 'लागणे'ची वाक्ये लिहायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने तेवीस वाक्ये आणली. शेवटचे वाक्य होते, "मला इंग्रजी यायला वेळ लागेल." 'येणारच नाही'पासून 'वेळ लागेल'पर्यंत ती एका रात्रीत आली होती.