उकिरडा, पट्टी आणि हिंजवडी

केर हा इतिहासाचा विषय होऊ शकतो असे म्हटले, तर आपणांपैकी कित्येकांना हसू येईल. लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास असतो. घरातल्या केराचा कसला इतिहास? परंतु एखादा समाज टाकून दिलेल्या वस्तूंचे काय करतो, ते काम कोणाच्या माथी मारतो आणि त्याबद्दल काय देतो, हे पाहिले म्हणजे त्याचे अंतरंग जितके उघडे होते, तितके ते सनदांनी होत नाही.

मुळशी तालुक्यातील हिंजवडीसारख्या गावात पूर्वी केरपट्टी ही कल्पनाच नव्हती. शेण, राख, पालापाचोळा, जे निघेल ते उकिरड्यात जाई आणि पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात पडे. जुन्या लुगड्याची गोधडी होई. उरलेसुरले कपडे बोहारीण नेई व बदली भांडे देई. टाकाऊ असे फारसे काही नव्हतेच. मात्र या चित्रावर भुलून जाऊ नये. मेलेले जनावर ओढणे, गावाची घाण काढणे ही कामे जातीने बांधलेली होती. त्यांबद्दल बलुते मिळे, मान मिळत नसे.

शहरांत निराळी व्यवस्था आली. पुण्यात १८५७ साली नगरपालिका स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील मैल्याचे सोनखत करून ते शेतकऱ्यांना विकले जाई. म्हणजे उकिरड्याचा न्याय शहरानेही काही काळ पाळला. मुंबईच्या १८८८ सालच्या म्युनिसिपल कायद्यात तर 'हलालखोर कर' असे करांतील एका बाबीचे नावच होते. हलालखोर म्हणजे हक्काचे, कष्टाचे खाणारा. ज्याच्या नावाने कर, त्याला मात्र समाजाने शिवूनही घेतले नाही. नागरिकाने पट्टी भरली की घाणीशी आणि ती वाहणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध संपला, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली.

खेड्यांकरिता १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याने आरोग्यरक्षणाच्या उपकराची तरतूद केली. सार्वजनिक संडास आणि केरकचऱ्याची विल्हेवाट हा त्याचा हेतू होता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गाव होते ते शेतीचे, उकिरड्याचे. त्याच हिंजवडीत गेल्या शतकाच्या अखेरीपासून राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान नगरी उभी राहू लागली. जमिनी गेल्या, गोठे गेले आणि त्यांच्याबरोबर उकिरडाही गेला. उंच इमारती आल्या, प्लॅस्टिक आले. वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशी विषम जोडी कित्येक वर्षे नांदली. घर शहराप्रमाणे केर टाकते. तो जिरवणारे शेत मात्र आता गावापाशी नाही.

याच सुमारास शेजारच्या पुण्यात एक महत्त्वाची घटना घडली. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरडे उपसून भंगार वेचणाऱ्या बायका, बहुसंख्य दलित, आपण भिकारी नसून कामगार आहोत असे सांगू लागल्या. त्यांतूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. त्यातील तत्त्व साधे होते: दारात येणाऱ्या कामगाराला घराने दरमहा शुल्क द्यावे आणि सुका माल विकण्याचा हक्क तिचा राहावा. शंभर वर्षांत प्रथमच पट्टी देणारा हात आणि केर उचलणारा हात समोरासमोर आले.

पुढे २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका व घातक केर वेगळा ठेवणे आणि शुल्क देणे ही दोन्ही घरांची कर्तव्ये ठरविली. परंतु पिंपरी-चिंचवडला २०२३ साली हे शुल्क मिळकतकराच्या बिलात जोडले गेले, तेव्हा मोठी ओरड झाली आणि शासनाला स्थगिती द्यावी लागली. ओरडणारे सगळेच कंजूष होते असे मी म्हणणार नाही. पैसा कोठे जातो हे दिसले नाही म्हणजे पट्टी दंडासारखी वाटते, हा जुनाच अनुभव आहे.

मग फुकट केर नेला जावा काय? तसे कधीच झालेले नाही. आपण दिले नाही ते दुसऱ्याने भरले: बलुतेदाराने अपमान सोसून, वेचणारीने आरोग्य गमावून, आणि उरुळी देवाची-फुरसुंगीच्या शेतकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याखाली आपले पाणी नासवून. उद्या हिंजवडीचा केर कोणत्या गावाच्या उशाशी जाऊन पडावयाचा, हा प्रश्न म्हणून केवळ पंचायतीचा नाही. पट्टी अवश्य भरावी. पण ती केराचे दोन भाग करून, आणि तो नेणाऱ्या बाईला नावाने हाक मारून. पैशाने केर हलतो. जबाबदारी मात्र घरातच राहते.