फळ्यांच्या आतला फुटबॉल : प्रेकीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. परवा आम्ही चार-पाच जण टर्फवर खेळायला गेलो होतो. वर जाळी, रात्री नऊचा स्लॉट, तासाचे पैसे वाटून घ्यायचे, तुम्हाला माहीतच आहे. खेळून बाहेर पडताना एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, हा काय फुटबॉल? खरा फुटबॉल मोठ्या मैदानावर." मी हसून सोडून दिलं. पण घरी येताना डोक्यात एकच नाव घोळत होतं, प्रेकी. कारण हेच वाक्य त्याच्या सगळ्या कारकिर्दीवर चिकटलेलं होतं.

पूर्ण नाव प्रेड्राग रादोसाव्ल्येविच. जन्म २४ जून १९६३, बेलग्रेड. तेव्हाचा युगोस्लाव्हिया. रेड स्टार बेलग्रेड या तिथल्या बड्या क्लबात तो होता. पण १९८५ साली, बाविसाव्या वर्षी, तो थेट अमेरिकेत गेला. बॉब मॅकनॅब या आर्सेनलच्या जुन्या बचावपटूने त्याला युगोस्लाव्हियातल्या एका इनडोअर स्पर्धेत पाहिलं आणि टॅकोमा स्टार्स या संघात बोलावून घेतलं.

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेत कसला फुटबॉल? प्रश्न बरोबर आहे. पेले ज्या लीगमध्ये खेळून गेला होता, ती नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली. मोठ्या मैदानावरची राष्ट्रीय पातळीची लीगच उरली नाही. चालू होती ती १९७८ मध्ये सुरू झालेली मेजर इनडोअर सॉकर लीग.

हा खेळ नेमका कसा, ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आईस हॉकीचं रिंगण घ्या, बर्फावर कृत्रिम गवत अंथरा. गोलकीपर धरून प्रत्येक बाजूला सहा खेळाडू. पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू बाजूला गेला तर थ्रो-इन नाही, कारण कडेने फळ्या आहेत. चेंडू फळीवर आपटून परत येतो आणि खेळ चालू राहतो. आपण कॅरममध्ये रिबाउंड मारतो ना, तसा इथे पास देता येतो. खेळाडू बदलायला खेळ थांबवत नाहीत. एक जण पळत बाहेर, दुसरा पळत आत. गंभीर चूक केली की दोन मिनिटं बाहेर बसायचं. फुटसाल वेगळा, तिथे फळ्या नसतात.

अशा जागेत चेंडू पायाशी आला की विचार करायला वेळच नसतो. अंगावर माणूस असतोच. प्रेकीने इथे एक गोष्ट घोटून घोटून पक्की केली: उजवीकडे जातोय असं दाखवायचं, झटक्यात डावीकडे वळायचं आणि डाव्या पायाने मारायचं. बस्स, एवढंच! पुढची वीस वर्षं समोरच्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि तरी तो फसायचा.

आणि "रिकाम्या हॉलमधला तमाशा" असं समजू नका. २० जून १९८७, टॅकोमा डोम, डॅलस साइडकिक्सविरुद्ध अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना. प्रेक्षक २१,७२८. टॅकोमा जादा वेळेत ४-३ असा हरला. घरच्या लोकांसमोर, एका गोलाने. १९८९ मध्ये प्रेकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण १९९२ मध्ये ही लीगही बुडाली.

तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा. फुटबॉलपटूची ऐन उमेदीची वर्षं फळ्यांच्या आत गेलेली. तो इंग्लंडला एव्हर्टनकडे गेला, मग पोर्ट्समथकडे. तिथे फार मोठं नाव झालं नाही. गोष्ट इथेच संपली असती, तर टर्फवरच्या काकांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

पण १९९६ मध्ये अमेरिकेत मेजर लीग सॉकर सुरू झाली. प्रेकी कॅन्सस सिटीत आला, तेव्हा तेहतीस वर्षांचा होत होता. त्याच वर्षी तो अमेरिकेचा नागरिक झाला. १९९७ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १० फेब्रुवारी १९९८, लॉस एंजेलिस, गोल्ड कपची उपांत्य फेरी, समोर जगज्जेता ब्राझील. बदली खेळाडू म्हणून आलेल्या प्रेकीने ६५ व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलं. कोणत्या पायाने? डाव्याच. अमेरिका १-०. अमेरिकेच्या पुरुष संघाने ब्राझीलला हरवलं ते त्याच एकदा.

त्याच वर्षी विश्वचषक. २४ जूनला तो पस्तीस वर्षांचा झाला, आणि दुसऱ्या दिवशी नांत शहरात त्याच्या अमेरिकेसमोर संघ होता युगोस्लाव्हियाचा! अमेरिका १-० अशी हरली, स्पर्धेतले तिन्ही सामने हरून घरी परतली. ज्या देशात जन्मला, त्याच्या राष्ट्रीय संघाचा शर्ट त्याला कधी मिळाला नाही; आणि ज्या देशाने शर्ट दिला, त्याचा विश्वचषक पाहायला पस्तिशी उजाडली. उशिराची किंमत असते, मंडळी. ती मी लपवणार नाही.

२००० मध्ये कॅन्सस सिटीसोबत तो विजेता झाला. मग आलं २००३. १२ गोल, १७ असिस्ट, आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. दोनदा तो मान मिळवणारा तो पहिलाच.

२००५ ला खेळणं थांबवलं आणि पुढच्याच वर्षी चिवास यूएसएमध्ये बॉब ब्रॅडलीचा सहायक झाला. २००७ मध्ये मुख्य प्रशिक्षक. पहिल्याच वर्षी संघ पश्चिम विभागात अव्वल, आणि प्रेकी वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक. बाद फेरीत हरवलं कोणी? कॅन्सस सिटीने! २०१० मध्ये टोरोंटोला गेला, तिथे हंगाम पुरा व्हायच्या आत नारळ मिळाला. मग तो एक पायरी खाली उतरला. सॅक्रामेंटो रिपब्लिक हा अगदी नवा क्लब, दुय्यम लीगमधला. २०१४ मध्ये पहिल्याच हंगामात त्याने तो विजेता केला. पुढे सेंट लुईस, आणि २०१८ मध्ये सिअ‍ॅटल साउंडर्समध्ये सहायक प्रशिक्षक झाला. साउंडर्सने २०१९ ला लीग जिंकली, २०२२ ला कॉन्काकॅफ चॅम्पियन्स लीग. सिअ‍ॅटलपासून टॅकोमा किती लांब? तासाभराची गाडी. जिथून सुरुवात केली, तिथेच जवळपास परत.

फुटबॉलचा इतिहास लिहिणारे इनडोअरची ती सात वर्षं एका ओळीत उरकतात. वाया गेलेली वर्षं, असा सूर. मला ते पटत नाही. ब्राझीलविरुद्धचा तो गोल लॉस एंजेलिसमध्ये झाला खरा, पण तो वळायला शिकला टॅकोमात, फळ्यांच्या आत, जिथे वळायला जागाच नव्हती. लीग बुडते, तिचे विक्रम लोक विसरतात. पण पायात जे बसलं ते बसलं.

काका पुन्हा भेटले, तर त्यांना ही गोष्ट सांगणार आहे. आणि मग आत खेळायला बोलावणार आहे.

तुमच्या गल्लीतल्या, टर्फवरच्या फुटबॉलच्या आठवणी जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.