सात लाखांपुढची विंचेस्टर : स्वस्त आणि महाग रायफलींतील फरक नेमका कुठे होता?

अमेरिकेत जुनी विंचेस्टर 'मॉडेल ७०' ही शिकारी रायफल विकायला आली की जाणकार गिऱ्हाईक आधी तिचा क्रमांक वाचते. ७,००,००० किंवा त्यापुढचा असेल, तर ती १९६४ च्या बदलानंतरची. त्याआधीचा असेल, तर भाव चढतो. कंपनी एक, नाव एक, न्यू हेवन शहरातला कारखानाही एकच. मग हा फरक कशाचा? हा धागा त्या फरकाविषयी.

प्रथम यंत्र समजून घेऊ. बोल्ट-ॲक्शन रायफलीत दाराच्या कडीसारखा एक दांडा असतो. तो उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते; पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाते. जर्मनीच्या पॉल माउझरने १८९८ च्या आपल्या रायफलीत या दांड्याला एक लांब, रुंद पोलादी नखी बसवली होती. काडतूस वर येताच त्याची कड नखीत अडके आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत ती पकड सुटत नसे. घाईत हात अर्ध्यावर थबकला, तरी एका काडतुसामागे दुसरे घुसून यंत्र अडकण्याचा धोका त्यामुळे फारसा राहत नसे. समोर जखमी जनावर असताना या पकडीचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये जिम कॉर्बेटने टिपला, तो लंडनच्या रिग्बी कंपनीच्या .२७५ रायफलीने, तिचे यंत्र माउझरचेच होते.

मॉडेल ७० ने १९३६ साली हीच नखी उचलली. घडवलेल्या पोलादाचा ठोकळा मिलिंग यंत्रावर कोरून तिचा सांगाडा तयार होई आणि अक्रोडाच्या लाकडी दस्त्यावरची जाळीदार नक्षी हाताने कापली जाई. 'आउटडोअर लाइफ' मासिकातून लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनरने तिला घरोघरी पोहोचवले.

महायुद्धानंतर मात्र गणित फिरले. कारागिरांची मजुरी वाढली आणि लष्कराच्या जुन्या रायफली स्वस्तात बाजारात आल्या. १९४८ मध्ये रेमिंग्टनने 'मॉडेल ७२१' आणली. तिचा आराखडा माइक वॉकर यांच्या चमूचा होता, आणि त्यात कारागिराचा हात जिथे जिथे टाळता येईल तिथे तो टाळला होता. ठोकळा कोरण्याऐवजी गोल पोलादी कांब लेथवर कातून सांगाडा केला. धक्का झेलणारा खांदा त्या सांगाड्यातून कोरून न काढता, नळी आणि सांगाडा यांच्यामध्ये वॉशरसारखी वेगळी चकती बसवली. लांब नखी गेली. तिच्या जागी लहानशी कडी आली. चापाभोवतीचे कडे पत्र्याचे झाले.

सॅव्हेजच्या 'मॉडेल ११०' ने १९५८ मध्ये याच्याही पुढे मजल मारली. नळी आणि बोल्ट यांतले अंतर केसभरही चुकून चालत नाही. ते जमवणे हे निष्णात कारागिराचे काम. सॅव्हेजने गेज लावून नळी हवी तिथपर्यंत फिरवली आणि मोठ्या नटाने आवळून टाकली. बाहेरून हा नट कुरूप दिसतो, पण युक्ती अफाट आहे.

गंमत अशी की या स्वस्त रायफली नेम साधण्यात मागे नव्हत्या. गोल सांगाडा दस्त्यात नीट बसवणे सोपे होते. वॉकर स्वतः अचूक नेमबाजीच्या स्पर्धांतला माणूस होता. रेमिंग्टनने १९६२ मध्ये त्याच यंत्रावर देखणी 'मॉडेल ७००' उभी केली, आणि विंचेस्टरपुढे पर्याय उरला नाही.

१९६४ ची मॉडेल ७० बाहेर आली तेव्हा नखी गेली होती. कापलेल्या नक्षीऐवजी लाकडावर साच्याने दाबलेली नक्षी आली होती. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये डोळ्यांत भरणारी फट होती. जुने चाहते, त्यांत ओ'कॉनरही, खवळले. यंत्र म्हणून पाहिले तर हा राग थोडा अन्यायाचाच होता. नवा बोल्ट काडतुसाचा तळ चहूबाजूंनी वेढत असे, त्यामुळे पुंगळी फुटल्यास वायूपासून अधिक संरक्षण मिळे. अशीच रचना रेमिंग्टनकडून लोक आनंदाने विकत घेत होते. पण रेमिंग्टनने काटकसर नव्या नावाने विकली, विंचेस्टरने ती जुन्या नावाखाली विकली. शिवाय दाबलेली नक्षी दुकानाच्या फळीवरूनच दिसत होती.

न दिसणारी काटकसर अधिक घातक असू शकते. वॉकरच्या आराखड्यातील चापात एक सुटा जोडभाग होता. तिथे मळ अडकला तर चाप न ओढताही बार उडू शकतो, असे आरोप रेमिंग्टनवर अनेक दशके झाले, माणसे दगावल्याचे खटले चालले. कंपनीने दोष कायम नाकारला. मात्र खटल्यांमधून पुढे आलेल्या कागदांनुसार वॉकरने १९४८ मध्येच सुधारित रचना सुचवली होती. वाढीव खर्च होता बंदुकीमागे साडेपाच सेंट. अखेर २०१४ मध्ये, दोष मान्य न करताच, कंपनीने लक्षावधी रायफलींचे चाप विनामूल्य बदलून देण्याची तडजोड मांडली.

विंचेस्टरने १९९२ मध्ये 'क्लासिक' नावाने ती माउझरची नखी परत आणली. तोवर संगणकचलित यंत्रे आली होती आणि जुने गुंतागुंतीचे आकार कोरणे पूर्वीइतके महाग राहिले नव्हते. न्यू हेवनच्या कारखान्याला मात्र त्याने तारले नाही. २००६ च्या मार्चअखेर तो बंद झाला. पुढे मॉडेल ७० चे काम दक्षिण कॅरोलायनात गेले. तिथल्या रायफलींवरही नखी आहे.