सूत्राचा कर्ता बदलणे

सूत्राचा कर्ता बदलणे : बीजगणितातील एक मूलभूत क्रिया. ज्या राशीची किंमत इतर राशींच्या रूपात मांडलेली असते, ती राशी त्या सूत्राचा कर्ता. ती एका बाजूला एकटी उभी असते आणि दुसऱ्या बाजूला तिचा मागमूस नसतो. समानता अबाधित ठेवून ही जागा दुसऱ्या राशीला देणे म्हणजे कर्ता बदलणे. ‘व्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ १००’ हे सूत्र सरळव्याज सांगते. तेच ‘मुदत = १०० × व्याज ÷ (मुद्दल × दर)’ असे लिहिले की ठरावीक व्याज जमायला किती वर्षे लागतील हे कळते.

क्रियेचा नियम एकच : जे एका बाजूला करायचे ते दुसऱ्या बाजूलाही करायचे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे शाळेतले पालुपद त्याचेच आखूड रूप आहे. ते पाठ असूनही मुले अडखळतात ती बहुधा क्रमापाशी. फॅरनहाइटवरून सेल्सिअस काढताना आधी ३२ वजा करतात, मग ५/९ ने गुणतात. उलट जाताना शेवटची क्रिया आधी उलटवावी लागते : आधी ९/५ ने गुणायचे, मग ३२ मिळवायचे. ४० अंश सेल्सिअसचा ताप असा १०४ अंश फॅरनहाइट होतो. आधी ३२ मिळवले तर उत्तर १२९.६ येते. असा ताप कोणालाच येत नाही.

या उलट्या वाटेला भारतीय गणितात विलोमविधी म्हणत. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’तील गणितपादात तिचा नियम आहे : गुणकाचा भाजक होतो, भाजकाचा गुणक, मिळवलेले वजा होते आणि वजा केलेले मिळवले जाते. त्याच पादात अंकगणिती श्रेढीची बेरीज काढण्याची रीत आहे, आणि लगेच पुढे बेरजेवरून पदांची संख्या काढण्याचीही. एकाच संबंधाचा कर्ता बदललेला असे हे शेजारी शेजारी ठेवलेले दोन नियम आहेत. दुसऱ्यासाठी वर्गसमीकरण सोडवावे लागते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) विलोमविधीचे एक मनोहर उदाहरण आहे. एका संख्येला ३ ने गुणून गुणाकाराचा पाऊण भाग त्यातच मिळवला. ७ ने भागून आलेल्या फळातून त्याचा तिसरा हिस्सा काढला. उरले त्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतले, ८ मिळवले, १० ने भागले, उत्तर २. मूळ संख्या कोणती? शेवटाकडून निघावे : २० − ८ = १२, वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, वर्गमूळ १४, मग २१, १४७, ८४ आणि अखेर २८. अज्ञाताला नावही न देता उत्तर हाती येते. 

बगदादमध्ये नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने समीकरणे सोडवण्याच्या रीतींवर ग्रंथ लिहिला. वजा असलेले पद दुसऱ्या बाजूस नेऊन अधिक करणे म्हणजे ‘अल्-जब्र’ आणि दोन्हीकडची समान पदे काढून टाकणे म्हणजे ‘अल्-मुकाबला’. सगळी मांडणी शब्दांत होती. भास्कराचार्य अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देत. ज्ञात राशी मात्र आकड्यांतच येत. फ्रान्समधील फ्रान्स्वा व्हिएतने १५९१ मध्ये अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञात राशींसाठी व्यंजने वापरली, तेव्हा ज्ञातही अक्षर झाले. कर्ता बदलण्याची आजची रीत खऱ्या अर्थाने येथून शक्य झाली, कारण आता एका उदाहरणाऐवजी संपूर्ण सूत्रच उलटवता येऊ लागले.

राशी सूत्रात दोनदा आली की विलोमविधी पुरत नाही. कर्जाचा मासिक हप्ता घ्या. कर्ज क, दरमहा व्याजाचा दर द, हप्त्यांची संख्या न, आणि (१ + द) चा न वा घात म्हणजे घ. मग हप्ता ह = क × द × घ ÷ (घ − १). किती महिन्यांत कर्ज फिटेल हे हवे असेल तर घ सुटा करावा लागतो, आणि तो दोन ठिकाणी आहे. छेदाने गुणून घ असलेली पदे एकत्र आणावीत व त्यांतून घ सामाईक काढावा : घ = ह ÷ (ह − क × द). पुढे लॉगरिदमने न मिळतो.

आता १० लाखांचे कर्ज घ्या, दर साल १२ टक्के, म्हणजे दरमहा १. पहिल्या महिन्याचे व्याज १०,००० रुपये. हप्ता १५,००० असेल तर घ ३ येतो आणि कर्ज सुमारे ११० महिन्यांत फिटते. १२,००० ला घ ६, सुमारे १८० महिने. ११,००० ला घ ११, सुमारे २४१ महिने. शेवटच्या दोहोंत हप्त्याचा फरक हजाराचा, मुदतीचा पाच वर्षांचा. आणि हप्ता बरोबर १०,००० असेल तर छेद शून्य होतो : केवळ व्याज भरले जाते, कर्ज कधीच फिटत नाही. मूळ सूत्रातही हे सारे होते, पण तिथे ते दिसत नव्हते. शून्याने भागू नये हा कोरडा वाटणारा नियम इथे कर्जदाराला थेट इशारा देतो. कर्ज काढणाऱ्या प्रत्येकाला हे रूप माहीत असायला हवे.

वर्गमूळ घेताना वेगळी दक्षता लागते. धन आणि ऋण अशी दोन मुळे मिळतात. वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून त्रिज्या काढताना ऋण मूळ सोडून द्यावे लागते, तर वर फेकलेला चेंडू ठरावीक उंचीवर केव्हा असेल या प्रश्नात चढतानाची आणि उतरतानाची अशा दोन्ही वेळा खऱ्या असू शकतात.

प्रत्येक राशीला कर्ता करता येत नाही. केप्लरच्या समीकरणावरून ग्रह कक्षेत अमुक जागी केव्हा असेल हे थेट निघते. अमुक वेळी तो कुठे असेल हे तसे निघत नाही, कारण अज्ञात कोन आणि त्याचा साइन दोन्ही समीकरणात असतात. हप्त्याच्या सूत्रातून व्याजदर सुटा करणारे सर्वसाधारण सूत्रही मिळत नाही. तिथे संगणकातील हिशोबाची आज्ञावली एक दर गृहीत धरते, त्यावरून हप्ता काढते, खऱ्या हप्त्याशी ताडून पाहते आणि फरक नगण्य होईपर्यंत दर सुधारत राहते.