नेटवर्क फाइल सिस्टिम आणि कर्नेलमधील स्मृतिगळतीचा शोध

संगणकाच्या कर्नेलने एखाद्या कार्यासाठी घेतलेली स्मृती कार्य संपल्यावरही परत केली नाही, म्हणजे जो दोष उत्पन्न होतो त्यास ‘मेमरी लीक’ अर्थात स्मृतिगळती म्हणतात. सामान्य प्रोग्रॅमची गळती त्या प्रोग्रॅमबरोबरच संपते. कर्नेलची गळती मात्र यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत साचत राहते. हा दोष हुडकण्याच्या पद्धती कशा विकसित झाल्या व नेटवर्क फाइल सिस्टिमच्या बाबतीत त्या कोठे अपुऱ्या पडतात, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

ही व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली सिद्ध केली. सँडबर्ग प्रभृतींनी १९८५ मध्ये विशद केलेल्या तिच्या रचनेत, सर्व्हरने ग्राहकयंत्रांच्या व्यवहाराची कोणतीही अवस्था ध्यानात ठेवू नये, हे मूलतत्त्व होते. सर्व्हर बंद पडल्यास ग्राहकयंत्र तीच विनंती पुनःपुन्हा पाठवीत राही आणि सर्व्हर उठताच काम पुढे चाले. या गुणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. यंत्र पुन्हा सुरू करणे जेथे इतके निरुपद्रवी, तेथे गळतीचे मूळ शोधण्याची निकड साहजिकच कमी भासते. २००० साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीने ही सोय आकुंचित केली. तीत उघडलेल्या फायली व कुलपे यांची नोंद सर्व्हरच ठेवतो. तो पुन्हा सुरू झाल्यास ग्राहकयंत्रांना ठराविक मुदतीत आपले हक्क पुन्हा सांगावे लागतात.

शोधपद्धतीच्या विकासात तीन प्रश्न दिसतात. पहिला, स्मृती कोणत्या प्रकारच्या वस्तूंनी व्यापली? बॉनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ‘स्लॅब’ पद्धतीने प्रत्येक प्रकारची स्वतंत्र मोजदाद शक्य झाली. परंतु वाढती संख्या म्हणजे गळती नव्हे. फायलींची माहिती कर्नेल हेतुपुरस्सर साठवून ठेवतो. २००६ पासून लिनक्समध्ये असा अनावश्यक साठा हाताने रिकामा करता येतो. तरीही संख्या उतरली नाही, तर संशय दृढ होतो. दुसरा प्रश्न, स्मृती कोणी घेतली? बॉनविक यांच्याच पद्धतीत प्रत्येक मागणीमागील फलनांची साखळी नोंदविण्याची तरतूद होती. तिसरा, त्या स्मृतीचा पत्ता आज कोणापाशी आहे? बोहेम व वायझर यांनी १९८८ मध्ये स्मृतिसंकलनासाठी योजलेल्या विचाराशी नाते सांगणारे ‘केमेमलीक’ हे साधन २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत आले. ते स्मृती चाळून, ज्यांचा पत्ता कोठेच आढळत नाही असे तुकडे दाखविते.

येथेच या साधनाची मर्यादा स्पष्ट होते. नेटवर्क फाइल सिस्टिममधील वस्तूंचे आयुष्य दूरच्या उत्तरावर अवलंबून असल्याने, वस्तू वापरणाऱ्यांची गणती राखावी लागते. उत्तर न येता चूक परत आली व त्या वाटेवर गणती एकाने उतरविण्याचे राहिले, तर वस्तू कधीच मुक्त होत नाही. तथापि कोणत्यातरी यादीत तिचा पत्ता असल्यामुळे केमेमलीक मौन राखते. बेवारस ठेव वही चाळून सापडते. खोट्या नावावर मांडलेली ठेव सापडण्यास मूळ व्यवहारच वाचावा लागतो. म्हणून प्रत्येक स्वीकारास त्याचा परतावा जुळतो की नाही, हे चुकीच्या वाटांसह पाहणे, हेच या शोधाचे अखेरचे व अपरिहार्य अंग होय.