किडले, गेले, भरले

बैलबाजारात सौदा ठरण्याआधी गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून पाहतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. हा हिशेब शेतकऱ्याला शाळेत न जाताही येतो. आमच्या मानखुर्दला लागून असलेल्या देवनारच्या बाजारातही बकरी ईदच्या आधी हेच चालतं. बोकडाला दोन दात आलेत की नाही, हे पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. जनावराच्या तोंडात डोकावण्याची रीत अशी फार जुनी आहे. माणसांच्या तोंडात, तेही साऱ्या देशाच्या, पद्धतशीर पाहण्याची रीत मात्र अगदी अलीकडची. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हेगर्सटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचे दात तपासून क्लाइन, पामर आणि नटसन या तिघांनी १९३८ मध्ये एक सोपा हिशेब मांडला. प्रत्येक तोंडात किडलेले दात किती, किडीमुळे गेलेले किती आणि भरलेले किती, ते मोजायचं आणि बेरीज करायची. किडले, गेले, भरले. हाड मोडलं तर सांधतं, जखम भरून येते. दातात पडलेला खड्डा मात्र आपला आपण बुजत नाही. म्हणून तोंड ही माणसाची चालतीबोलती वही ठरते. तीन रकान्यांतला फरकही बोलका असतो. जिथे दवाखाना जवळ आणि खिशात पैसा, तिथे ‘भरले’चा रकाना वाढतो. जिथे दोन्ही नाही, तिथे ‘किडले’मधून दात सरळ ‘गेले’मध्ये जातात.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९७१ मध्ये अशा पाहणीची मार्गदर्शक पुस्तिका काढली. सगळ्या देशांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत, म्हणून काही ठरावीक वयं पक्की झाली. पाचवं वर्ष, कारण तेव्हा दुधाचे दात तोंडात असतात. बारावं, कारण अक्कलदाढा सोडल्या तर कायमचे दात बहुतेक आलेले असतात आणि मूल शाळेत सापडतं. पंधरावं, कारण त्या दातांनी तोवर काही वर्षं अन्न चावलेलं असतं. मग पस्तीस ते चव्वेचाळीस ही कर्त्या माणसाची वयं आणि पासष्ट ते चौऱ्याहत्तर ही म्हाताऱ्यांची. साधनं म्हणाल तर एक छोटा आरसा, टोकाला बारीक गोळी असलेली एक सळई, चांगला उजेड आणि शेजारी बसून आकडे लिहून घेणारा एक माणूस. क्ष-किरणाचीही गरज नाही.

आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला आणि पाठोपाठ डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. देशभरची तोंडं तपासणारी राष्ट्रीय पाहणी व्हायला मात्र २००२-०३ साल उजाडावं लागलं. तिचा अहवाल २००४ मध्ये आला. या पाहणीत पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचीही नोंद घेतली गेली. ते पाण्यात बेताचं असलं तर दातांना बळकटी देतं आणि अती झालं तर दातांवर डाग पाडतं.

आता आकडे पाहू. पाच वर्षांच्या मुलांत ५१.९ टक्के जणांचे दात किडलेले होते. बाराव्या वर्षी ५३.८, पंधराव्या वर्षी ६३.१, कर्त्या वयात ८०.२ आणि म्हातारपणी ८५ टक्के. यातलं प्रत्येक वय वेगळ्या माणसांचं आहे, पण सलग वाचलं तर एकाच माणसाची जन्मकथा वाचल्यासारखं वाटतं.

हिरड्यांच्या रोगाचे आकडे जरा निराळे आहेत. बाराव्या वर्षी ५७ टक्के, पंधराव्या वर्षी ६७.७, कर्त्या वयात ८९.६ आणि म्हातारपणी ७९.९. म्हणजे म्हाताऱ्यांच्या हिरड्या सुधारल्या की काय? असं मानून कोणी खूश होऊ नये. हिरडी तपासायची तर ती दाताभोवतीच तपासतात. जिथे दातच उरला नाही, तिथे रोगाची नोंद कशी होणार? आकडा खाली आला की दुखणं कमी झालं असं समजण्याची आपल्याला सवय आहे. कधी कधी दुखणारा अवयवच हिशेबातून निघून गेलेला असतो.

तोंडाच्या आजारांच्या मोजणीत आपल्या मुंबईचं नाव त्याआधीपासून मोठं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंत संशोधनाचा एक विभाग होता. तिथल्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख १ हजार ७६१ माणसांची तोंडं तपासली. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीच्या खुणा शोधणारा हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ पासून मुंबईत घरोघर जाऊन तंबाखूच्या सवयींची पाहणी झाली. पहिल्या टप्प्यात पस्तिशीच्या पुढच्या ९९ हजार ५९८ जणांची माहिती घेतली गेली. नावं मतदार यादीतून घेतली होती. बायकांमध्ये तंबाखू ओढण्याची नव्हे, तोंडात वापरण्याची सवय दिसली आणि त्यात मशेरी ठळक होती. ही पाहणी मूळ शहरापुरती होती. उपनगरं तिच्याबाहेर राहिली. साहजिकच मानखुर्दही राहिलं.

मशेरी मी घरात पाहिली आहे. माझी अम्मी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटून डबीत भरायची आणि सकाळी त्यानेच दात घासायची. घरात मिस्वाकची काडी होती, कडुनिंबही दूर नव्हता. पण मशेरीशिवाय तिला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नसे. दाढ ठणकली की लवंग दाबायची. साठीच्या आत तिच्या तोंडात मोजून पाच दात उरले. भाकरी चहात बुडवून खाताना ती म्हणायची, ‘वयच झालं.’ तिच्यासारख्या कितीतरी जणींनी दुखण्याला वय हे नाव दिलं आणि विषय मिटवला. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर १९९२ मध्ये बंदी आली, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये आली. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू वापरताना आढळले.

मी कवितेचा माणूस. दात म्हणजे मला फक्त चावण्याचं साधन वाटत नाही. त, थ, द, ध, न ही अक्षरं दंत्य आहेत. जीभ दाताला टेकल्याशिवाय ती नीट उमटत नाहीत. अम्मीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या बोलण्यातून ही अक्षरं एकेक करून सैल झाली. घरच्यांना कळायचं, बाहेरच्यांना पुन्हा विचारावं लागायचं. मग ती बाहेर बोलेनाशी झाली. हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. आपल्याकडे २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. आमचा ‘एम पूर्व’ प्रभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला होता. इथे माणसं ट्रान्झिट कॅम्पातून वसाहतीत आणि वसाहतीतून आणखी कुठे हलत राहतात, त्यामुळे यादीतलं नाव आणि घरातलं माणूस यांचा मेळ बसेलच असं नाही. पाहणी करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: शाळेतली बारा वर्षांची मुलं सापडतील, त्यांना जरूर पाहा. पण संध्याकाळी, कामावरून परतलेली माणसं घरी असतानाही या. आणि दाराआड पदर तोंडावर धरून बसलेली म्हातारी ‘माझं काय पाहता, माझे दात गेले’ म्हणाली, तर तिला वगळून पुढच्या घरी जाऊ नका.