किलिमांजारो : चढाईचे हंगाम

किलिमांजारो : आफ्रिका खंडातील सर्वोच्च पर्वत. उंची ५,८९५ मी. टांझानियाच्या ईशान्य भागात, केनियाच्या सीमेलगत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३° अक्षांशावर. शिरा, मावेन्झी आणि किबो हे त्याचे तीन ज्वालामुखी शंकू. किबोच्या मुखाच्या काठावरील उहुरू हे सर्वोच्च टोक. नेहमीच्या वाटांवर दोर लावावे लागत नाहीत, त्यामुळे गिर्यारोहणाचे शिक्षण न घेतलेली माणसेही दरवर्षी हजारोंनी इथे येतात. प्रस्तुत नोंद चढाईच्या काळाविषयी आहे. ‘कधी जावे?’ या प्रश्नाला प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके महिन्यांची नावे सांगून मोकळी होतात. ते चूक नाही, अपुरे आहे. या डोंगरावर कोणत्या महिन्यात जायचे याइतकेच कोणत्या बाजूने चढायचे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी चालायचे, यालाही महत्त्व आहे.

विषुववृत्त जवळ असल्याने उन्हाळा-हिवाळा हा भेद इथे नावापुरता. वर्षाची विभागणी पाऊस करतो. सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकणारा कमी दाबाचा पट्टा या भागावरून वर्षातून दोनदा जातो, म्हणून पावसाळेही दोन. मार्च ते मे हा मोठा पाऊस, स्वाहिलीत ‘मसिका’; ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा धाकटा पाऊस म्हणजे ‘वुली’. मधले दोन कोरडे काळ, जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, हे चढाईचे हंगाम. मसिकानंतर वाहणारा आग्नेयेचा ‘कुसी’ वारा विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावर वळतो आणि आपला नैर्ऋत्य मोसमी वारा होतो. कोकणात आषाढ कोसळत असतो तेव्हा किलिमांजारोचा माथा बहुधा कोरडा असतो, तो यामुळेच. उलट दिशेच्या ‘कास्काझी’ वाऱ्यावर शिडे उभारून पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरची गलबते शतकानुशतके झांझिबारला जात आणि कुसी सुरू झाला की परतत.

दोन पावसांपैकी मसिका त्यातल्या त्यात शब्दाचा पक्का. वुलीचा भरवसा नाही. हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापलेला असला की वुली झोडपून काढतो. २०१९ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत असेच झाले. एखाद्या वर्षी मात्र नोव्हेंबर जवळजवळ सुका जातो. दिवाळीच्या सुट्टीत बेत आखणाऱ्याने हा जुगार आहे हे धरून चालावे.

दोन्ही कोरड्या हंगामांचा स्वभाव वेगळा. जानेवारी-फेब्रुवारीत हवा तुलनेने उबदार, गर्दी कमी, आणि वुली नुकताच सरलेला असल्याने माथ्यावर बर्फ दिसण्याची शक्यता जास्त. जून-जुलै हे वर्षातले सर्वांत थंड महिने. कुसीमुळे दक्षिण उतारावरच्या जंगलात ढग अडकून राहतात, पण त्या थराच्या वर गेले की आभाळ निरभ्र. ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वाधिक गर्दी. युरोप-अमेरिकेतल्या सुट्ट्या हे त्याचे एक कारण. महाराष्ट्रातून जाणारी पथके शिखरावर तिरंगा फडकवण्यासाठी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट साधू पाहतात. या दोन्ही तारखा कोरड्या काळात पडतात, हा योगायोग सोयीचा ठरला आहे. मे महिन्याची शाळेची सुट्टी मात्र अगदी गैरसोयीची. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी १८८९ मध्ये प्रथम शिखर गाठले ते ६ ऑक्टोबरला, म्हणजे कोरड्या हंगामाच्या शेपटाला.

पर्वताच्या बाजू हे प्रकरण माहितीपत्रकांत बहुधा एका ओळीत उरकलेले असते. समुद्रावरून येणारे बाष्प दक्षिण उतार अडवतो. तिथल्या जंगलपट्ट्यात वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. माथ्यापाशी त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. उत्तरेची बाजू पर्जन्यछायेत येते. घाटमाथा आणि माण-खटाव यांत जो फरक, तोच इथे एका डोंगराच्या दोन अंगांत आहे. दक्षिणेकडील माचामे व उम्ब्वे आणि आग्नेयेकडील मारांगू या वाटा त्यामुळे ओल्या, तर केनियाच्या बाजूने चढणारी रोंगाई वाट तुलनेने सुकी. मारांगूवर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, बाकी वाटांवर तंबूच. पावसाळी दिवसांत भिजलेल्या तंबूपेक्षा झोपडी परवडते, पण ही वाट सहसा पाच-सहा दिवसांत उरकतात आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढे दिवस थोडे पडतात. शिखरावर समुद्रसपाटीच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो. परत फिरावे लागते ते बहुतेकांना यापायी, पावसापायी नव्हे. हाताशी पैसा मर्यादित असेल तर उत्तम महिन्यातल्या पाच दिवसांपेक्षा मध्यम महिन्यातले आठ दिवस निवडावेत. पश्चिमेकडून येणारी लेमोशो वाट यासाठीच अनेकांना पसंत पडते.

बाजूचे महत्त्व केनियातील माउंट केन्यावर (५,१९९ मी.) आणखी ठळक दिसते. तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे आणि त्याची बाटियन व नेलियन ही शिखरे खडकावर दोर लावूनच चढावी लागतात. जून ते ऑक्टोबर सूर्य बहुतांशी उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेचा कातळ कोरडा. डिसेंबर ते मार्च दक्षिणेकडचा. एकाच डोंगराच्या एका अंगाला उन्हाळा आणि दुसऱ्याला हिवाळा, असा प्रकार.

किलिमांजारोवर वर्षभरात तापमान जेवढे बदलत नाही, तेवढे एका दिवसात बदलते. ४,००० मी.च्या आसपास दुपारी उन्हाचा चटका बसतो आणि रात्री पाणी गोठते. इथली झाडेही याच वेळापत्रकावर जगतात. डेंड्रोसेनेसिओ या खांबासारख्या झाडाची पाने रात्री कोंबाभोवती मिटतात आणि वाळलेली पाने खोडावरून गळत नाहीत. त्यांचा जाड थर खोडाला थंडीपासून वाचवतो. लोबेलियाच्या पानांच्या द्रोणात साठलेल्या पाण्यावर पहाटे बर्फाची पापडी धरते, खालचे पाणी मात्र गोठत नाही आणि आतला कोंब वाचतो.

दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते, जंगलातले बाष्प घेऊन येते आणि दुपारपर्यंत वरच्या तळांवर धुके दाटते. संध्याकाळी ते खाली उतरते. म्हणून रोजची चाल सकाळी लवकर सुरू करून दुपारपर्यंत संपवायची. शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, त्याचेही एक कारण हेच. दुसरे कारण पायाखालचे : शेवटच्या टप्प्यातला ज्वालामुखी घसारा रात्री गोठून घट्ट बसतो, ऊन लागले की दोन पावले पुढे टाकावीत आणि एक मागे यावे. वरचे तापमान रात्री उणे ७° ते उणे २०° से. असते, वाऱ्यात अधिक बोचते. पाठपिशवीतली पाण्याची नळी हमखास गोठते. वाटाडे बाटली उलटी ठेवायला सांगतात, म्हणजे वरून गोठणारे पाणी बुडाशी जाते आणि तोंड मोकळे राहते. पौर्णिमेच्या आसपास निघाल्यास दिव्याची फारशी गरज पडत नाही, मात्र त्या रात्री वाटेवर गर्दी असते. बाराफू या शेवटच्या तळावर पाण्याचा स्रोत नाही. तिथले पाणी पोर्टर काराँगाच्या दरीतून वाहून आणतात, आणि चहाला नावे ठेवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

माथ्यावरची हिमनदी पाहायची असेल तर हंगामापेक्षा वर्ष महत्त्वाचे. १९१२ ते २००७ या काळात किबोवरील सुमारे ८५ टक्के बर्फाच्छादन नाहीसे झाले. कोरडी हवा व घटलेली हिमवृष्टी ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात. इथला बराच बर्फ वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन उडून जातो. कोरड्या हंगामाच्या अखेरीस आगीचा धोकाही असतो : २०२० आणि २०२२ या दोन्ही वर्षी ऑक्टोबरात डोंगरावर मोठे वणवे लागले.

चढाईला जोडून वन्यप्राणी पाहण्याचा बेत बहुतेक जण करतात. प्राणीही पावसामागे फिरत असल्याने ही सांगड चांगली बसते. फेब्रुवारीच्या आसपास सेरेंगेटीच्या दक्षिणेस न्दुटूच्या माळावर विल्डबीस्टच्या कळपांत पिल्ले जन्मतात. ज्वालामुखी राखेच्या मातीतले तिथले खुरटे गवत खनिजांनी समृद्ध असते. जुलै ते ऑक्टोबर तेच कळप उत्तरेला मारा नदीच्या काठी सापडतात. याच काळात तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात पाणवठे आटतात आणि तिथल्या नदीवर हत्ती गोळा होतात. एप्रिल-मे मध्ये सफारीचे बरेच तळ बंद असतात. सपाट भागातली काळी माती भिजली की विदर्भ-मराठवाड्यातल्या पांदणीसारखाच चिखल होतो आणि चारही चाकांना जोर असलेली गाडीही रुतून बसते. मेच्या सुट्टीवाचून गत्यंतर नसेल, तर निघणे शक्य तितके महिन्याच्या अखेरीस ढकलावे, रोंगाईची वाट धरावी, सामानाला प्लास्टिकचे दुहेरी अस्तर घालावे आणि सेरेंगेटीऐवजी न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी मुखापुरताच बेत ठेवावा. तिथे प्राणी बारमाही असतात.